रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला जाणाऱ्यांसाठी : कमी पैशात थर्मल दुर्बीण घेतली त्याचा माझा अनुभव

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर, धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराच्या कडेला. चार एकर ऊस, बाकी सोयाबीन-हरभरा आणि एकतीस उस्मानाबादी शेळ्या. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणजे बारा-एकला उठून विहिरीवर जावंच लागतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला वाघ पार यवतमाळ जिल्ह्यातून चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आला तेव्हापासून आमच्याकडं सगळेच अंधारात बाहेर पडताना दबकतात. पण वाघापेक्षा मला बिबट्याची आणि लांडग्याची धास्ती जास्त, २०२० च्या नोव्हेंबरात शेजारच्या बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली ते इथं कुणीच विसरलेलं नाही.

दिवाळीच्या आधी माझ्या दोन गाभण पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, गेल्या. पहाटे कुत्रं भुंकायचं एकदम थांबलं, त्यानंच मला जाग आली. एक वाड्यातच मरून पडली होती, दुसरी उसाच्या सरीत फरफटत नेलेली. वनरक्षक आले, पंचनामा झाला, त्यांनी ओल्या मातीतला ठसा दाखवला, नख्या उमटलेल्या नव्हत्या. कुत्र्या-लांडग्याच्या ठशात नख्या दिसतात, बिबट्या चालताना नख्या आत घेतो. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, आधी कळवायचं, वन विभागाचा १९२६ नंबर आहे, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

दाजींचं म्हणणं होतं की रात्री दिसणारा स्कोप घे, लोक त्यानं शिकार करतात, व्हिडिओ बघ. बघितले. ते सगळे अमेरिकेतले, टेक्सासकडं रानडुकरं आणि कोयोट (तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) मारणारे, तिथं त्यांना परवानगी आहे. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ९, शिकार बंद म्हणजे बंद, बिबट्या आणि लांडगा दोन्ही अनुसूची १ मधले. माणसाच्या जिवाला धोका झालाच तर मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देतात, आष्टीचा तो बिबट्या पुढं करमाळा तालुक्यात असाच शासनाच्या आदेशानं मारला गेला, आपण तो निर्णय घ्यायचा नसतो. आणि मला मारायचं नव्हतंच, मला फक्त एवढं कळायला हवं होतं की दाराबाहेर पाऊल टाकू का नको. त्यामुळं बंदुकीवर लावायचा स्कोप यादीतनं गेला, त्यात दणका सोसायची बांधणी आणि नेमाची खूण याचे जास्तीचे पैसे पडतात, आपल्याला हातात धरायची एका डोळ्याची दुर्बीण पुरे.

पहिली चूक तरी झालीच. साडेनऊ हजाराची डिजिटल नाईट व्हिजन ऑनलाइन मागवली, पेटीवर लिहिलेलं अंधारात ३०० मीटर. ही वस्तू म्हणजे एक कॅमेरा आणि त्याच्यासोबत आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाची बॅटरी. मोकळ्या माळावर ठीक चालते, जनावराचे डोळे लांबूनच चमकतात. पण उसाकडं धरली की तिचा उजेड जवळच्या पाल्यावर आपटून परत येतो, समोर नुसतं पांढरं फेक आणि पाल्याच्या मागं काळोख. धुकं पडलं की तेच. वर तिचा दिवा ८५० नॅनोमीटरचा (हे उजेडाच्या लहरीचं माप) असला तर समोरून तो बारीक लाल ठिपका दिसतो, ९४० चा दिसत नाही पण त्याचा पल्ला कमी. विकणाऱ्यानं परत घेतली नाही, पेटी उघडली म्हणाला. आता ती वाड्यात करडांवर नजर ठेवायला वापरतो, तेवढ्या अंतराला चांगली आहे.

मग थर्मल. थर्मलला उजेड लागतच नाही, जनावराच्या अंगाची ऊब बघते, म्हणून पाल्यातून जराशी पाठ जरी उघडी असली तरी तेवढा तुकडा पांढरा दिसतो. गावातल्या एका वायरमन मित्राकडं मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा होता, डीपीतला तापलेला जोड शोधायला वापरतो. त्याच्यावर २५६ बाय १९२ रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके, असं लिहिलेलं आणि मी ज्या महाग दुर्बिणी बघत होतो त्यांच्यावरही तेच २५६ बाय १९२, मग म्हणलं एवढे पैसे कशाला द्यायचे. रात्री नेऊन बघितलं. वीस मीटरवर शेळी ओळखू आली, शंभर मीटरवर बांधलेला बैल म्हणजे नुसती धूसर पांढरी टिकली.

दोन दिवस मला कळेना की आकडा तोच असून असं का. मग कळलं आणि हीच गोष्ट मला सगळ्यांना सांगायची आहे, कारण कोणताही विकणारा ती आपणहून सांगत नाही : लेन्स किती मिलिमीटरची आहे (म्हणजे तिची फोकल लेंथ, काचेची रुंदी नव्हे) ते बघा. हिशोब सोपा आहे, मी बियाण्याच्या पिशवीच्या मागं मांडला होता. आतल्या सेन्सरचा एक ठिपका बहुतेक नव्या मशीनला १२ मायक्रॉनचा असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाराला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं आणि शंभर मीटरवर असेल तर दहानं गुणायचं, उत्तर येतं ते सेंटीमीटरमध्ये, म्हणजे शंभर मीटरवर एक ठिपका केवढी जागा झाकतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याची लेन्स ३.२ मिलिमीटरची, उत्तर साडेसदतीस सेंटीमीटर. दहा मिलिमीटरची लेन्स, १२ सेंटीमीटर. पंधराची, ८. आता बिबट्याचं धड धरा सव्वा मीटर, दहाच्या लेन्सनं शंभर मीटरवर ते दहा ठिपक्यांत बसतं, जनावर कोणतं ते चालीवरून कळायला एवढं पुरतं. दोनशेवर पाच ठिपके, काहीतरी आहे एवढं कळतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात शंभरावरच तीन.

जाहिरातीत लिहितात माणूस ५०० मीटरवर दिसतो, तोही याच हिशोबानं तपासा. दहाच्या लेन्सला ५०० मीटरवर एक ठिपका म्हणजे ६० सेंटीमीटर, उभा माणूस तीन ठिपक्यांचा. त्या आकड्याचा अर्थ ‘काहीतरी गरम आहे’ एवढाच, माणूस आहे का वासरू हे त्यात येत नाही. डिजिटल झूमनंही काही होत नाही, तेच ठिपके मोठे होतात.

मग मोठीच लेन्स घ्यावी असं वाटतं, पण तिथं दुसरी अडचण. २५६ च्या सेन्सरला दहाची लेन्स लावली तर शंभर मीटरवर तीस मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो, पंधराची लावली तर वीस. आमच्या दारापासून विहीर नव्वद मीटर आणि मधे उसाचा बांध, मला लांबचं बारीक बघायचं नव्हतं, जवळचं सगळं पटकन फिरवून बघायचं होतं, तर दहाची योग्य. मोठा माळ असलेल्या मेंढपाळाला पंधरा-एकोणीसची लागेल. ३८४ बाय २८८ सेन्सरची मशीन दोन्ही करते पण किंमत माझ्या आवाक्यात नव्हती. हिकमायक्रो, पल्सर, गाईड अशी नावं बघितली, शेवटी पन्नास हजाराच्या आत बसली ती घेतली, एक बोकड आणि दोन शेळ्या विकून.

घ्यायला शहरात गेलो तेव्हा दुकानदार काचेच्या दारातून रस्ता दाखवायला लागला आणि काहीच दिसेना, त्याला वाटलं मशीन बिघडली. थर्मल काचेच्या पलीकडचं बघत नाही, काचेची स्वतःचीच ऊब दिसते, हे मला वाचून माहीत होतं. म्हणलं चला बाहेर, आणि अंधार पडेपर्यंत मी थांबतो. पार्किंगमध्ये कुत्री, दुचाक्या, चहाची टपरी सगळं बघून घेतलं. चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तेही तिथंच बघा, नऊ वेळाचं मशीन फिरवलं की झटके देतं, पंचवीस किंवा पन्नास असावं. आणि अधूनमधून आत टिक असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठतं, तो बिघाड नाही, मशीन स्वतःला सारखं करून घेते.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री मी तासभर नुसता ओट्यावर बसून बघत होतो. शेळी उठून गेली तरी ती बसली होती ती जागा पांढरी राहते, तिच्या अंगाचा आकार मातीवर दिसतो आणि हळूहळू विझत जातो. बांधावर ससे, माळाच्या कडेनं कोल्ह्याची जोडी, इतकी वर्षं इथं राहून हे मला कधी दिसलं नव्हतं. थंडीत चित्र सुरेख येतं. उन्हाळ्यात मात्र फसगत होते, आमच्याकडचे काळे दगड दिवसभर तापतात आणि रात्री अकरा-बारापर्यंत बांधावर जनावरं बसल्यासारखे चमकतात, तेव्हा एकाच जागेकडं पाच मिनिटं बघत राहायचं, हललं तर जनावर. जोराच्या पावसातही कमी दिसतं.

जानेवारीत रात्रीच्या लाईटीचा आठवडा होता. सव्वाबाराला लाईट आली, मी दार थोडं उघडून आधी विहिरीकडं फिरवली, काही नाही, मग बांधाकडं, आणि स्टार्टरच्या पेटीपासून पंधरा-वीस पावलांवर काहीतरी बसलेलं. पहिल्यांदा कुत्रं वाटलं. मग ते उठलं, पाठ खाली, मान पुढं आणि मागं जाड लांब शेपटी, जमिनीला टेकून परत टोकाला वर वळलेली. कुत्र्याची शेपटी अशी नसते. मी बायकोला दाखवलं, तिनं काही न बोलता दार लावून घेतलं. रात्रभर आत बसलो, पाणी दिलं नाही, ऊस एक पाळी तहानला. सकाळी ठसे बघितले, नख्या नव्हत्या. वन विभागाला कळवलं, त्यांनी ट्रॅप कॅमेरा लावला, आणि त्याच आठवड्यात मी वाड्याला वरूनही जाळी मारली, कारण बिबट्या भिंतीवरून आत उतरतो आणि माझा वाडा वरून उघडाच होता. दुर्बिणीनं जनावर पळत नाही, वाड्याची जाळी आणि दिवा ते काम करतात.

हातात बॅटरी आणि काठी घेऊन नेहमीसारखा निघालो असतो तर बॅटरीच्या उजेडात मला स्टार्टरची पेटी दिसली असती, बाकी काही नाही.

आता दाराच्या मागं खिळ्याला दोन वस्तू टांगलेल्या असतात, विहिरीच्या खोलीची किल्ली आणि दुर्बीण. आण्णा सत्तरीचे आहेत, बटणं त्यांना जमणार नाहीत वाटलं होतं, पण रात्रीची लाईट असली की तेच आधी उठतात, दार वीतभर उघडतात, विहीर, बांध, वाडा असं तीनदा फिरवतात, आणि मग मला हाक मारतात, जा आता.