बेटावरची सुट्टी: हॉटेलच्या आधी वारा आणि भरती बघा

बेटावर जायचं ठरलं की आधी फ्लाइट शोधली जाते, मग हॉटेल, आणि समुद्र कसा आहे ते तिथे पोचल्यावर कळतं. हा क्रम उलटा हवा. आधी महिना, मग बेटाची बाजू, मग त्या तारखांची भरती-ओहोटी. हे तिन्ही जमलं की हॉटेलकडे वळायचं. खोली पसंत पडली नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळते. पण चुकीच्या किनाऱ्यावर पाच रात्रींचं बुकिंग करून बसलात तर रोज टॅक्सी करून पोहायला दुसरीकडे जावं लागतं.

महिना ठरवताना देशाचा सीझन बघून उपयोग नाही, त्या किनाऱ्याचा बघावा लागतो. थायलंड एकच देश, पण फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला असल्यामुळे तिथे साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. को समुई थायलंडच्या आखाताच्या बाजूला, तिथे सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणजे नोव्हेंबरात फुकेतला आभाळ मोकळं होत असतं आणि समुईला धो धो कोसळत असतो. श्रीलंकेचंही तसंच. दक्षिण आणि नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, आणि पूर्वेकडचं त्रिंकोमाली एप्रिल ते सप्टेंबर. एकाच बेटाचे दोन उलटे सीझन.

ऑफ सीझनचे स्वस्त दर बघून लोक म्हणतात, "पाऊस काय, तासभर पडेल नि थांबेल." पाऊस थांबतोही, पण त्याच्यासोबत आलेली लाट थांबत नाही. कडक ऊन पडलेलं असतं आणि किनाऱ्यावर लाल झेंडा असतो, फेरी रद्द झालेली असते, पाणी इतकं गढूळ असतं की पाण्याखाली बघायचा मास्क लावून स्वतःचा हातही नीट दिसत नाही. पुस्तकं वाचायची आणि झोपा काढायच्या असतील तर ऑफ सीझन उत्तमच. पाण्यात उतरायचं असेल तर नको.

वादळांचंही कॅलेंडर आहे. अटलांटिकचा हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक. कॅरिबियनमध्ये याच काळात जायचं असेल तर अरुबा, बोनेर आणि क्युरासाव ही दक्षिणेकडची तीन बेटं बरी, कारण हरिकेनच्या नेहमीच्या वाटेपासून ती बाजूला आहेत. मॉरिशसला चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत मात्र चक्रीवादळं जवळजवळ तयारच होत नाहीत, कारण वाऱ्याला चक्राकार फिरवायला पृथ्वीच्या परिवलनाचा जो रेटा लागतो तो तिथे फारच कमी असतो.

आता बाजू. उष्ण कटिबंधात वर्षाचा बराच काळ व्यापारी वारे वाहतात, उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. बेटावर डोंगर असेल तर वारा ज्या बाजूने येतो तिथे ढग अडतात, पाऊस पडतो, झाडी दाट असते आणि समुद्र खवळलेला असतो. डोंगरापलीकडची आडोशाची बाजू कोरडी आणि शांत असते. फरक किती पडावा? हवाईतल्या काउआई बेटावर वायालेआले शिखराच्या माथ्यावर वर्षाला हजार सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथून तीस किलोमीटरच्या आत असलेल्या पोइपू किनाऱ्यावर शंभर सेंटिमीटरच्या आसपास. मॉरिशसला जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर वारा इतका असतो की छत्री धरून ठेवावी लागते. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला पाणी निवांत असतं. मालदीवसारख्या सपाट प्रवाळबेटांवर डोंगर नसल्यामुळे कोरडी बाजू असा प्रकार नसतो. तिथे एवढंच विचारायचं, की खोली आतल्या उथळ लगूनकडे आहे की बाहेरच्या समुद्राकडे.

वारा नसूनही लाट मोठी असू शकते. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात ज्या लाटा फुटतात त्यांना जन्म देणारी वादळं हजारो किलोमीटर लांब, उत्तर पॅसिफिकमध्ये असतात. उन्हाळ्यात तोच किनारा शांत होतो. म्हणून हवामानाच्या अॅपमध्ये फक्त पावसाचं चित्र बघू नका. लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांमधले सेकंद बघा. उंची सारखीच, पण सेकंद जास्त, तर किनाऱ्यावर फुटणारी लाट अधिक जोरकस असते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ओहोटी. हॉटेलच्या वेबसाइटवरचे जवळपास सगळे फोटो भरतीच्या वेळचे असतात. ओहोटीला त्याच किनाऱ्यापुढे दोन-तीनशे मीटर घोट्याएवढं पाणी, धारदार मृत प्रवाळ, काटेरी सी अर्चिन आणि समुद्रकाकड्या असं चित्र असू शकतं. अंदमानातल्या स्वराज द्वीपवर (जुनं नाव हॅवलॉक) हे स्पष्ट दिसतं. पूर्वेकडच्या विजयनगरला ओहोटीला पोहण्यापुरतं पाणी राहत नाही, पश्चिमेकडच्या राधानगरला वाळू सरळ खोल पाण्यात उतरते. हॉटेलं मात्र बरीचशी पूर्वेला.

हे घरबसल्या तपासता येतं. उपग्रह नकाशावर हॉटेल शोधा आणि किनाऱ्यापासून समुद्राकडे बघत जा. वाळूला लागून तपकिरी-हिरवट ठिपक्यांचा पट्टा आणि त्याच्या बाहेरच्या कडेला फेसाची पांढरी रेघ दिसली, तर तो पट्टा म्हणजे प्रवाळाचा उथळ ओटा, ओहोटीला उघडा पडणारा. वाळूला लागूनच एकसारखा फिकट निळा रंग असेल तर खाली वाळू आहे, पोहायला चांगलं. त्या ओट्यात कुठे गडद निळी फट दिसली तर तिथून ओहोटीचं पाणी बाहेर पडतं. स्नॉर्केलिंगवाल्यांनी (मास्क आणि श्वासनळी लावून वर तरंगत खालचं बघणाऱ्यांनी) ती जागा लक्षात ठेवावी, ती टाळण्यासाठी. जुनी उपग्रहचित्रं उघडता येत असतील तर तीही बघा. काही किनाऱ्यांवर वाळू वर्षातले काही महिनेच असते, उरलेल्या काळात लाटा थेट भिंतीवर आपटतात.

पुढे वेळेचा हिशेब. बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा भरती येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी १० ला भरती असेल तर पाचव्या दिवशी ती दुपारी १ वाजून २० मिनिटांच्या आसपास येईल. आठवड्याभरात चित्र जवळपास उलटं होतं, पहिल्या दिवशी भरती होती त्या वेळेला ओहोटी.

पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हा फरक कमी. आणि एक बारकावा, जो फारसा कुणी सांगत नाही: एका विशिष्ट किनाऱ्यावर उधाणाची भरती वर्षभर जवळपास घड्याळाच्या त्याच वेळेला येते. त्यामुळे एखाद्या ठिकाणी पौर्णिमेची ओहोटी भरदुपारी येत असेल, तर तिथे प्रत्येक पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी किनारा उघडाच पडणार. चांदण्यासाठी पौर्णिमा गाठून जाणाऱ्यांनी आधी हे बघावं. तारखांचे भरतीचे तक्ते कितीतरी महिने आधी मिळतात, बुकिंगच्या आधी बघायला काहीच हरकत नाही.

सगळीकडे एवढी चिंता नको. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आत असतो. ताहितीला तर भरती रोज साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच येते, कारण तिथे चंद्रापेक्षा सूर्याच्या ओढीचा प्रभाव जास्त दिसतो.

किती रात्री आणि किती बेटं? सहा रात्री असतील तर दोन बेटं पुरे. चेक-आउट, जेटी, सामान, फेरी, चेक-इन यात बदलीचा दिवस गेलाच म्हणून समजा. तीन बेटं कोंबलीत तर सहा दिवसांत पाण्यात उतरायला जेमतेम तीन मिळतात. मालदीवला एक वेगळी अडचण आहे. सीप्लेन फक्त उजेडात उडतात, त्यामुळे दुपारी साडेतीन-चारच्या पुढे उतरणारी फ्लाइट घेतलीत तर ती रात्र बहुधा मालेजवळच काढावी लागते. स्पीडबोटीने पोचता येणारं बेट असेल तर हा प्रश्न येत नाही.

फेरीत बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडं मागे बसा. पुढचं टोक सगळ्यात जास्त उसळतं. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

सनस्क्रीन सगळेच कमी नेतात. प्रौढ माणसाच्या अंगभर एकदा नीट लावायला साधारण ३० मिली लागतं, आणि पाण्यात असाल तर दर दोन तासांनी परत. दिवसातून तीनदा म्हणजे ९० मिली, जवळजवळ एक अख्खी ट्यूब, एका माणसाची, एका दिवसाची. ट्यूबा वाहण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा शर्ट) आणि गुडघ्यापर्यंतची पँट घाला. मग चेहरा, मान, हातापायांचे पंजे आणि पोटऱ्या एवढंच उरतं. त्यातही पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा विसरू नका. स्नॉर्केलिंग करताना माणूस पालथा तरंगतो, तास-दीड तास ऊन तिथेच पडतं आणि पाण्याच्या गारव्यात कळत नाही. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८. तेव्हा मोठ्या आकड्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. ऑक्सिबेन्झोन हे प्रवाळाला घातक मानलं जाणारं रसायन असलेली सनस्क्रीन पलाऊमध्ये २०२० पासून वापरता येत नाहीत, हवाईमध्ये २०२१ पासून विकता येत नाहीत. बाटलीमागची घटकांची यादी घरीच वाचा.

सामानात एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर तो मास्कवर करा. पायात घालायचे फिन भाड्याचे चालतात, भाड्याचा मास्क बहुधा गळतो. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी येणारच, आणि जास्त आवळल्याने सिलिकॉनची कड दुमडून उलट जास्त येतं. मिशी असेल तर नाकाखालून थोडं पाणी झिरपतं. मिशीवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला की बराच फरक पडतो. नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे काच सतत धुरकटते. पांढरी टूथपेस्ट बोटाने दोन-तीन मिनिटं चोळून धुवा, हे दोन-तीनदा करा. नंतर दर वेळी पाण्यात शिरताना बेबी शाम्पूचा एक थेंब आत फिरवून हलकं विसळा. थुंकीनेही काम होतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो.

पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून लाटा बघा. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गडद आहे, फेस आत समुद्राकडे चाललाय, तर ती शांत जागा नाही. तिथून पाणी आत ओढलं जातंय, आणि नवखे नेमके तिथेच उतरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचा हट्ट करू नका, त्यात दम संपतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मग लाटांबरोबर तिरकं परता.

औषधांच्या डब्यात व्हिनेगरची छोटी बाटली आणि चिमटा टाका. बॉक्स जेलीफिश असलेल्या पाण्यात डंख झाला तर त्यावर व्हिनेगर ओततात, गोडं पाणी नाही. गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशीही फुटतात. पाकट किंवा स्टोनफिश या माशांचा विषारी काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाललात तर पाकट आधीच निघून जातं. शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख हातात घेऊ नका, आतला जीव जिवंत असेल तर त्याचा डंख जीवघेणा ठरू शकतो.

शेवटचा दिवस ढिला ठेवा. घरी परतायची फ्लाइट आणि बेटावरून निघणारी फेरी एकाच दिवशी ठेवू नका, आदली रात्र विमानतळ असलेल्या बेटावर काढा. स्कूबा (हवेची टाकी लावून खोल बुडी, म्हणजे डाइव्ह) करणार असाल तर ते सुरुवातीच्या दिवसांत उरका. एकच साधी डाइव्ह असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास जावे लागतात. सीप्लेन आणि हेलिकॉप्टरही यात धरायचे. स्नॉर्केलिंगला ही अट नाही, तेव्हा शेवटची सकाळ त्यासाठी ठेवा. फक्त त्या दिवशीची भरती किती वाजता आहे ते बघून.