तुम्ही विचारलंत म्हणून: पाचट न जाळून मिळतं काय?

ऊस तुटून गेला, त्याची वाळलेली पानं म्हणजे पाचट रानात उरलं, की हा प्रश्न येतोच. पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "पाचट ठेवून तुम्हाला मिळतं काय? कुणी पैसे देतं का?" कुणी देत नाही. कार्बन क्रेडिटचा, म्हणजे कार्बन हवेत जाऊ न दिल्याबद्दलच्या पैशांचा, एक रुपयाही माझ्या खात्यावर आलेला नाही.

मिळतं ते रानाला. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात 15 ते 20 किलो नत्र (नायट्रोजन) असतं. म्हणजे जवळजवळ युरियाचं एक पोतं. काडी लावली की पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) बरंचसं राखेत उरतं, नत्र आणि कर्ब म्हणजे कार्बन बहुतेक धुरातून जातात. पुतण्या म्हणतो, तो कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला, हवेतच परत गेला. खरं आहे. पण धुराबरोबर मिथेन आणि काजळीही जाते, आणि जमिनीला राखेपलीकडे काहीच उरत नाही.

हे मी पूर्वी 'फुकटचा फायदा' म्हणून सांगत फिरायचो. मग ती दुपार आली. शेजारच्या रानात पाचट पेटवलेलं. वारं फिरलं, बांधावरच्या गवतानं धरलं आणि आग माझ्या खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात, शिरली. आधीच जाळून मोकळे झालेल्यांच्या रानात पेटायला काही नव्हतं. पाचटानं सऱ्या भरलेल्या होत्या त्या माझ्याच. लाईट नव्हती, मोटर बंद. ओली पोती आणि लिंबाचे डहाळे घेऊन आम्ही झोडपत होतो. शेजारीही आमच्यातच होता, त्याचेही हात भाजले. भांडायचं कुणाशी? ठिबकच्या नळ्या वितळून सरीला चिकटल्या, गुडघ्याएवढे फुटवे करपले. वडील म्हणाले, "आग त्याची, पण सरपण तुझंच होतं की."

बुडखे पुन्हा फुटले. नळ्यांचा खर्च अंगावर पडला.

'फुकटचा' म्हणणाऱ्या त्या जुन्या 'मी'ला आज विचारावंसं वाटतं, नळ्यांचे पैसे कुठं धरले होतेस? तोही गप्प बसत नाही. म्हणतो, पाचटाखालची माती उकर, ओल बघ, गांडुळं बघ.

आणखी एक. पाचट लवकर कुजावं म्हणून त्यावर युरिया टाकावा लागतो. युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साईड किलोमागे कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 270 पट तापवतो. त्यामुळं माझी शेती निर्दोष आहे, असं मी कुणाला सांगत नाही.

यंदा थोरल्या भावानं त्याच्या वाटणीतलं पाचट पेटवलं. मी अडवलं नाही. माझ्या तुकड्यात पाचटाची बारीक कुट्टी करून घेतली, बांधालगतच्या सऱ्या मोकळ्या ठेवल्या. तेवढ्यानं आग थांबेल, असं भावाला वाटत नाही. मला वाटतं, थांबेल.