गुहागर ते जयगड पायी, मुक्काम वेळणेश्वर

गुहागर ते जयगड किनाऱ्याने चालत जायचं डोक्यात असेल तर हॉटेल बुकिंग वगैरे नंतर, आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. खरंच. आमची तारीख तिथीवरूनच ठरली. कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे तृतीया असेल तर सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात पण चालणाऱ्याला तेवढं पुरतं, आणि मधे मधे रेंज जाते तिथे मोबाईलमधलं अ‍ॅप उघडत नाही, हा हिशोब मात्र डोक्यात असतो. आम्ही डिसेंबरातली वद्य तृतीया-चतुर्थी धरली, म्हणजे सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पाणी सगळ्यात आत गेलेलं, आणि ऊन चढायच्या आधी ओल्या घट्ट वाळूवरून चालायला मिळतं. मऊ कोरड्या वाळूत दोन किलोमीटर चाललं तरी पोटऱ्या बोलायला लागतात, घट्ट वाळूत सहा किलोमीटर कळत पण नाहीत.

कल्पना माझ्या मावसभावाची. तो झुरिकला असतो, स्वित्झर्लंडच्या नॅशनल पार्कात जाऊन आला, १९१४ साली झालेलं पार्क आहे ते, तिथे आत तंबू ठोकायला बंदी आणि पायवाट सोडायलाही बंदी, मुक्काम करायचा तर क्लुओत्साच्या दरीत एक लाकडी हट आहे तिथे आधी बुकिंग करून. फोटो बघून आमच्या घरी सगळे हरखले आणि मला सारखं वाटत होतं की एका गावातून निघून डोंगर ओलांडून दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरी पाठ टेकायची, हे तर आपल्या किनाऱ्यावर आजही जमतंय, घरगुती जेवणासकट. फक्त आपण सगळे गाडीने जातो आणि गाडीने जाताना दोन गावांच्या मधला जो सडा (जांभ्याचं उघडं पठार) आणि घाटी (चढ-उताराची पायवाट) असते ती बघायचीच राहते.

चिपळूण स्टेशनला उतरून एसटीने गुहागर, पंचेचाळीसेक किलोमीटर आहे. आदल्या रात्री गुहागरला राहा, सकाळी मुंबईहून येऊन लगेच चालायला निघू नका, ओहोटी हातची जाते. आम्ही व्याडेश्वराला बाहेरूनच नमस्कार करून साडेसहाला वाळूत उतरलो, तांबडं फुटत होतं, थंडी चांगलीच होती. गुहागरचा किनारा सरळ लांबलचक, सहाएक किलोमीटर, मागे सुरूची झाडं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. २०२३ च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर दोन माद्यांना सॅटेलाईट टॅग लावून सोडलं होतं, बागेश्री आणि गुहा, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मला हे फार भारी वाटतं, आपण चालतोय त्या वाळूतून निघून ती तिकडे गेली. तर रात्री किनाऱ्यावर फिरणार असाल तर टॉर्च मारत फिरू नका, शेकोटी नको, आणि वाळूत जाळीचं कुंपण दिसलं की लांबून जा, आत अंडी पुरलेली असतात.

किनारा संपला की दक्षिणेला टेकाड आडवं येतं. ओहोटीला खडकांवरून पुढे जाता येईल असं लांबून वाटतं पण तो मोह टाळा, काळ्या खडकावर कालवं चिकटलेली असतात ती ब्लेडसारखी कापतात आणि शेवाळ्यावर पाय ठरत नाही. सरळ वर चढून असगोलीच्या रस्त्याला लागा. असगोलीला होड्या नुकत्या लागल्या होत्या, जाळी झाडत बसलेल्या एका काकांनी कुठून कुठे चाललात विचारलं, जयगड म्हटल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय सांगितलं तर "दुपारच्याला वाळूत थांबू नका, पाणी वर येतंय." म्हणजे तेच, भरतीचं.

तिथून पालशेतपर्यंत डांबरी आणि पायवाट आलटून पालटून. पालशेतला बाजार आहे, पाणी भरून घ्या, केळी घ्या, चहा घ्या, कारण पुढे संध्याकाळपर्यंत दुकान मिळेलच असं नाही. माणशी तीन लिटर पाणी हवंच, डिसेंबर असला तरी अकरानंतर सड्यावर ऊन भाजून काढतं. आम्ही बुधलला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बुधल अडूरच्या बाजूला आहे, छोटंसं गाव, खडकावर देवीचं देऊळ, खाली दोन कातळांच्या मधे इवलासा किनारा. माझ्या मते हा पूर्ण वाटेतला सगळ्यात सुंदर तुकडा आहे आणि गाडीवाले बहुतेक तो सोडून पुढे जातात. देवळाच्या सावलीत डबे खाल्ले, झोपलो, तीन वाजता उठलो. सव्वादोनला पूर्ण भरती होती आणि खालची वाळू जवळजवळ दिसेनाशी झाली होती, सकाळी त्याच जागेवर पोरं क्रिकेट खेळत असतात म्हणे.

बुधल ते कोंडकारूळ ते वेळणेश्वर हा टप्पा सड्यावरून. पावसात तिथे फुलांचा गालिचा असतो, डिसेंबरात नुसतं वाळलेलं सोनेरी गवत आणि कुसळं. मोजे लांब घाला. महत्त्वाचं म्हणजे हा फुरशांचा, म्हणजे एका विषारी सापाचा, मुलूख आहे. फुरसं लहान असतं, रंग दगड-पाचोळ्यात मिसळून जातो आणि दंश भयंकर. म्हणून बूट हवेत, सँडल फक्त वाळूसाठी, दगड उचलायचे नाहीत, बसायच्या आधी काठीने जागा ठोकायची, आणि काही झालंच तर मांत्रिक, चिरा देणं, आवळून बांधणं वगैरे काहीही न करता तो भाग हलू न देता थेट सरकारी दवाखाना. निघायच्या आधी वाटेतल्या गावांपासून जवळचा दवाखाना कुठला ते विचारून लिहून ठेवा.

दुसरं, आंब्याच्या बागा. जांभ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) वाट गेल्यासारखी दिसते पण ती कुणाची तरी खाजगी बाग असते, डिसेंबर-जानेवारीत मोहोर आलेला असतो, फवारण्या चालू असतात, राखणदार असतात. हाक मारा, विचारा, मग जा. आम्हाला एकानेही अडवलं नाही, उलट एका बागेतल्या भाऊंनी चिव्याची काठी तोडून दिली आणि कोंडकारूळची घाटी दाखवायला अर्धा किलोमीटर बरोबर आले. स्विस पार्कात वाट सोडू नका अशी पाटी असते, इथे पाटी नाही, म्हणून आपणच जपून वागायचं, प्लास्टिक खिशात, गवतात सिगरेट नाही. वाळलेल्या सड्याला वणवा लागला तर काजूच्या बागाच्या बागा जातात.

कोंडकारूळ उतरताना खाली बंदर, रंगीत होड्या, सुकटीचा वास. तिथून पुढे वेळणेश्वर. सूर्य बुडता बुडता पोचलो. वेळणेश्वरचा किनारा कोयत्यासारखा वळलेला, खडक जवळजवळ नाहीत, मागे माडांची दाट रांग. शंकराचं देऊळ पुष्कळ कोकणस्थांचं कुलदैवत आहे त्यामुळे देवळाच्या आजूबाजूला घरगुती राहायची सोय पूर्वीपासून आहे, टेकडीवर एमटीडीसीचं रिसॉर्टही आहे. आम्ही घरगुतीच पसंत केलं आणि तुम्हालाही तेच सांगेन. पडवीत गाद्या, मागे न्हाणीघर, बंबाचं गरम पाणी (वीस किलोमीटर चालल्यावर या पाण्याला तोड नाही). काकूंनी गरम तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मऊ भात आणि पोह्याचा पापड वाढला, आम्ही किती भाकऱ्या खाल्ल्या ते त्याच मोजत होत्या. "चालत आलात होय? मग अजून एक घ्या." राहणं, जेवण, चहा-नाश्ता धरून माणशी हजार-बाराशे पडले, पण दर फोनवरच विचारून घ्या, आणि जेवायला किती जण ते आदल्या दिवशी नक्की सांगा. ऐनवेळी सहा माणसं दारात उभी राहिली तर घरच्या बाईला रात्री परत चूल पेटवायला लागते. रोख पैसे बरोबर ठेवा.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. काकूंचा उपास, आम्हाला घावणे आणि नारळाची चटणी. सातला निघून हेदवीला साडेनऊच्या आत पोचलो. दशभुजा गणपतीचं देऊळ गावाच्या वर टेकडीवर, संकष्टीला गर्दी असते, शांतपणे दर्शन हवं असेल तर तिथी निवडताना हेही धरा.

आता हेदवीची बामणघळ, इथे जरा अडचण होते. समुद्रावर उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात उभी चीर आहे, तिच्यात लाट घुसली की पाणी फवाऱ्यासारखं उंच उडतं, पण ते भरतीलाच. चालायला हवी ओहोटी आणि घळीला हवी भरती. उपाय असा की हेदवीलाच दुपार काढायची. तसंही उन्हात चालायचं नसतंच. आम्ही गावात जेवून दीड वाजता घळीशी गेलो, तीनला पूर्ण भरती होणार होती, दोनच्या पुढे एकेक लाट अशी आपटायला लागली की छातीत धडधडत होतं. घळीच्या कडेला उभं राहू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही, खडक ओला असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. लांबून सगळं व्यवस्थित दिसतं.

अडीचला निघालो. हेदवी ते तवसाळ नरवण, रोहिले करत, बराचसा रस्ताच आहे, चढ-उतार भरपूर, सावली कमी. ज्यांचे पाय दुखत असतील त्यांनी इथे रिक्षा किंवा एसटी धरली तरी चालेल, आमच्यातल्या एकाने तेच केलं आणि तो तवसाळला चहा पीत बसला होता. शेवटचं वळण उतरलं की शास्त्री नदीचं मुख एकदम समोर येतं, पलीकडे जयगड. पार जायला फेरीबोट आहे, गाड्या पण चढतात तिच्यावर, पण शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच फोन करून विचारा, ती चुकली तर जमिनीवरून वळसा फार लांबचा आहे.

जयगडला रात्र काढून सकाळी किल्ला बघा. खाडीच्या तोंडावरच बांधलाय, विजापूरकरांच्या काळातला, पुढे आंग्र्यांकडे होता, १८१८ साली इंग्रजांनी घेतला. बुरुजावरून आपण आलो ती तवसाळची बाजू पूर्ण दिसते. दीपगृह आणि कऱ्हाटेश्वर पण जवळच आहेत, अर्धा दिवस आरामात जातो. परत जाताना एसटीने गणपतीपुळे आणि आरे-वारेवरून रत्नागिरी, तिथून रेल्वे. जून ते सप्टेंबर हा बेत आखू नका, आणि मार्चनंतर ऊन सोसत नाही. नोव्हेंबर शेवट ते फेब्रुवारी मधली वद्य तृतीया-चतुर्थी बघा, शुद्ध पक्षातली पण चालेल, वेळा त्याच येतात, फक्त नाताळ आणि लाँग वीकेंड सोडून.