टिंब राहिलं होतं : व्हीएमसी ठोकल्यावर पुन्हा सेटिंगला उभं राहताना

व्हीएमसीचा, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनचा, प्रोग्रॅम हाताने एडिट करताना मी 'झेड ५०.' ऐवजी 'झेड ५०' टाकलं (झेड म्हणजे टूलची वर-खाली दिशा). शेवटचं टिंब राहिलं. फॅनक कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक) पॅरामीटर, म्हणजे आतली सेटिंग, तशी असेल तर टिंब नसलेला ५० म्हणजे ५० मिमी नव्हे, ५० मायक्रॉन. ६३ मिमीचा फेस मिल (माथा सपाट करणारा कटर) जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, वर ५० मिमीला थांबायचा, तो जवळपास टेकला आणि पुढच्याच ओळीत रॅपिडने (न कापता सरकायचा सर्वात जास्त वेग) सरकून जॉब धरणाऱ्या क्लॅम्पवर गेला. भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपमधली ही गोष्ट. त्यानंतर सायकल स्टार्टवर (प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) बोट ठेवलं की हात थांबायचा. तो मोकळा व्हायला सहा आठवडे लागले. त्या काळात काय काय केलं, ते ज्याच्यावर ही वेळ आली असेल त्याच्यासाठी लिहितोय.

आधी मशीन तपासून घ्या, स्वतःला नंतर. हे उलटं केलं की पुढचा प्रत्येक खराब पीस आपल्याच माथी बसतो. मेंटेनन्सवाले डायल (मायक्रॉनमधला फरक दाखवणारा काटा) लावतात तेव्हा शेजारी उभं राहून आकडे स्वतः लिहून घ्यायचे. स्पिंडलमध्ये ३०० मिमीचा टेस्ट बार लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) दोन ठिकाणी बघायचा, नाकाजवळ आणि टोकाला. आमचा नाकाजवळ ४ मायक्रॉन आला, टोकाला १२. म्हणजे टेपर, स्पिंडलमधली टूल बसायची निमुळती जागा, वाचला होता. मग स्पिंडलला डायल बांधून टेबलावर ३०० मिमीचा गोल फिरवायचा, ०.०२ मिमीच्या आत असेल तर हेड हललेलं नाही. ज्या ॲक्सिसमध्ये धक्का बसला तिचा बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारी ढिलाई) आणि होम पोझिशन (मशीनचा ठरलेला मूळ बिंदू) बघायची, कारण धक्क्याने मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग सरकू शकतं. शेवटी ५०० आरपीएमपासून टप्प्याटप्प्याने वर नेत बेअरिंगचा आवाज ऐकायचा. हा कागद जपून ठेवा. पंधरा दिवसांनी एखादा बोअर ओव्हल आला की पहिली शंका तुमच्यावरच येईल. तेव्हा हाच कागद कामी येतो.

दुसरी गोष्ट रिपोर्टची. 'कारण' या रकान्यात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहून आलं तर सही करण्याआधी साहेबांना विनंती करा की पूर्ण लिहू द्या. निष्काळजीपणा हे कारण नव्हे, त्यावर उपायच निघत नाही. मी लिहिलं : हाताने एडिट केलं, टिंब राहिलं, एडिटनंतर सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत) न चालवता थेट ऑटोमध्ये टाकलं. तीन ओळी, आणि तिन्हींवर उपाय आहे. पॅरामीटर ३४०१ चा शून्य क्रमांकाचा बिट १ केला की टिंब नसलेला आकडाही मिमीमध्येच धरला जातो. पण हा बदल एकाच मशीनवर करू नये. शेजारच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम वेगळा वागला तर आजचा अपघात उद्या तिकडे. करायचा तर सगळ्या शॉपमध्ये, जुने प्रोग्रॅम तपासून. आमच्याकडे नाही केला, आणि मला तेच बरोबर वाटतं.

मग मशीनवर परत यायचं. थेट नव्या प्रोग्रॅमला हात घालू नका आणि महिनाभर लोडिंग-अनलोडिंगवरही बसू नका. दुसरं जास्त वाईट, कारण हात सेटिंग विसरत नाही पण मन विसरतं. मी क्रम मागून घेतला : पहिला आठवडा चालू जॉब, पुढचे दोन जुन्या जॉबचं रिसेटिंग, त्यानंतर नवीन प्रोग्रॅम.

या सगळ्यात जी एक सवय खरी उपयोगी पडली ती सविस्तर सांगतो. पहिल्या पीसला प्रत्येक टूलसाठी सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड २५ टक्के, दरवाजा बंद, एक अंगठा फीड होल्डवर (टूलचं सरकणं थांबवणारं बटण). 'जी ४३' ची ओळ (टूलची लांबी हिशेबात धरायची आज्ञा) सुरू झाली आणि टूल जॉबच्या वर साधारण १०० मिमीवर आलं की फीड होल्ड. दरवाजा उघडून स्टील स्केलने टूलचं टोक ते जॉबचा माथा मोजायचं. समजा ११० आलं. टूल ५० वर थांबणार असेल तर स्क्रीनवर झेडचं डिस्टन्स टू गो, म्हणजे अजून जायचं अंतर, ६० च्या आसपास हवं. टिंब राहिलं असेल तर तिथे ११० च्या जवळचा आकडा दिसेल. चुकीचा एच नंबर (टूलची लांबी कुठल्या नंबरखाली नोंदलीय तो) असेल तरी इथेच पकडलं जातं : टूल ६ ची लांबी १५२, टूल ५ ची ११८, आणि टूल ६ ला एच ५ लागला तर स्क्रीन ९४ दाखवेल. हा फरक ३४ चा, म्हणजे दोन टूलच्या लांबीतला. तेवढाच फरक दिसला की कुठे चुकलं हे शोधावंही लागत नाही. एका वजाबाकीत ऑफसेट (नोंदलेली टूलची लांबी), जॉब झीरो (जॉबवरचा शून्य बिंदू) आणि टिंब, तिन्ही तपासून होतात. दहा टूल असतील तर सात-आठ मिनिटं जातात.

ड्राय रनबद्दल मात्र जपून. झेडच्या एक्सटर्नल ऑफसेटला (सगळे जॉब झीरो एकदम सरकवणारा आकडा) १०० टाकून प्रोग्रॅम हवेत चालवणं चांगलं, पण चिन्ह चुकून वजा पडलं तर तेच टूल १०० मिमी खाली जाईल. टाकल्यावर आकडा मोठ्याने वाचायचा. दुसरं, ड्राय रनचं बटण चालू राहिलं तर खरा जॉब कापतानाही फीड (कापतानाचा सरकण्याचा वेग) प्रोग्रॅमचा न राहता जॉग फीडचा, म्हणजे हाताने मशीन सरकवण्याच्या नॉबचा, होतो आणि एंड मिल तुटते. हे मी दोघांच्या हातून झालेलं पाहिलंय, दोघंही ठोकल्यानंतर घाबरून जास्तीची काळजी घेत होते.

तीच गत वारंवार तपासण्याची. सुरुवातीला मी एकच ऑफसेट चार-चार वेळा बघत होतो, आणि चौथ्यांदा बघताना डोळा आकड्यावर असायचा, लक्ष नसायचं. मग ठरवलं : स्केलने एकदा मोजायचं, सेटअप शीटवर टूल नंबरपुढे टिक करायची, आणि टिक झालेल्या टूलकडे पुन्हा जायचं नाही. क्यूसीने पहिला पीस पास केला की दुसऱ्या पीसला रॅपिड ५०, तिसऱ्याला १००. तिसऱ्यालाही नॉब वर न्यायला मन होत नसेल तर कुठल्या टूलला भीती वाटते ते बघा. माझ्या बाबतीत दर वेळी तो फेस मिलच असायचा. तेवढ्याच टूलच्या आधी एम ०१ (बटण चालू असेल तर प्रोग्रॅम थांबवणारी आज्ञा) टाकला, बाकीचे मोकळे सोडले. पाचव्या आठवड्यात तो एम ०१ ही काढला.

शिफ्ट संपायला वीस मिनिटं असताना प्रोग्रॅम एडिट करत नाही, हे अजून पाळतो. पुढच्या शिफ्टच्या दादाला वहीत लिहून देतो : कुठल्या ओळीत काय बदलायचंय, टिंबासकट.