दहा सर्व्हरचे तीन करताना

अंधेरी-लोअर परळच्या ऑफिसांत सर्व्हर रूमचा एसी चोवीस तास चालतो आणि निम्मे सर्व्हर रिकामेच फिरत असतात. व्हर्च्युअलायझेशनआधी, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर (व्हीएम) चालवण्याआधी, महिनाभर लोड मोजा. पगार आणि जीएसटीचे दिवस त्यात यायलाच हवेत. सीपीयू सहसा पुरतो, आधी संपते ती रॅम. तीन होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारी खरी यंत्रं, असतील तर प्रत्येकाची रॅम ६० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २५६ जीबीपैकी जेमतेम १५०. एक बंद पडला की उरलेल्या दोघांनाच सगळं पेलायचं असतं. दोन्ही डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारे सर्व्हर) एकाच होस्टवर तर अजिबात नकोत. परवान्याचा हिशेब होस्टच्या प्रोसेसरमधल्या कोअरवर होतो: विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये सगळ्या कोअरचे, किमान १६ चे, पैसे भरून दोनच व्हीएम मिळतात. आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे! विसरलेला स्नॅपशॉट फुगत जातो, डेटास्टोअर (व्हीएमच्या फायली ठेवायची जागा) भरतो आणि त्यावरच्या व्हीएम भर दुपारी थांबतात.