बेळगावहून डॉल्फिन बघायला: ‘पैसे परत’च्या पाटीपासून लांब राहा

चोर्ला घाटानं गोव्याला उतरताना कणकुंबीला चहा होतोच. तिथं उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडं वळते, पण खानापूरच्याच रानातली म्हादई पश्चिमेला जाते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीच्या पुढं समुद्राला मिळते. त्या मुखापाशी हम्पबॅक, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन असतात. आम्ही चौघं भावंडं त्यांच्यासाठीच निघालो होतो.

शनिवारी दुपारीच जांबोटी गाठा. घाट उजेडात उतरलेला बरा, रस्ता अरुंद आहे. गाडीची कागदं आणि पीयूसी जवळ ठेवा, केए पाटी बघून गोव्यात पोलीस हमखास हात दाखवतात. मुक्काम नेरूळच्या आसपास केला तर सकाळी सातला कोको बीचवर पोचता येतं. तेव्हा पाणी शांत असतं, गर्दीही नसते. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या तिथूनच सुटतात. पावसाळ्यात मात्र या फेऱ्या बंद असतात.

किनाऱ्यावर ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ अशा पाट्या दिसतील. सगळी गोम तिथंच आहे. पैसे परत द्यायची वेळ येऊ नये म्हणून नावाडी डॉल्फिन दिसेपर्यंत सोडत नाही. एक पंख दिसला की चहूबाजूंनी होड्या धावतात. हा डॉल्फिन मुळात बुजरा, होडीपुढं कोलांट्या मारत पोहणाऱ्यातला नव्हे. इंजिनाच्या आवाजात त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येत नाहीत, आणि सोबत पिल्लू असलं तर त्याचं दूध पिणं, विसावणं सगळंच मोडतं. मादीला साधारण तीन वर्षांत एकच पिल्लू होतं, त्यामुळं गेलेली संख्या लवकर भरून येत नाही.

आम्ही नावाड्याला आधीच सांगितलं, “मामा, दिसो न दिसो, पैसे पूर्ण देतो. फक्त मागं लागू नका.” त्यानं दोनदा विचारलं, “नंतर भांडणार नाही ना?” मग आग्वाद किल्ल्याच्या बाजूला इंजिन बंद करून थांबला. बऱ्याच वेळानं आधी लांब चोच, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पंख वर आला. उडी वगैरे काही नाही. फोटोत राखाडी ठिपकाच आला. चांगली दुर्बीण घेऊन जा.

२०१७ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं या प्रजातीला ‘संकटग्रस्त’ ठरवलं. होड्यांचा त्रास हा त्यातला एक भाग, जीव जास्त जातात ते जाळ्यांत. भिंतीसारखं उभं सोडलेलं नायलॉनचं जाळं त्यांना वेळेत कळत नाही. श्वासाला वर येता आलं नाही की ते बुडून मरतात. मच्छीमारालाही ते नको असतं, जाळं फाटतं ते वेगळंच. शिवाय हे डॉल्फिन बहुतेक २५ मीटरपेक्षा उथळ पाण्यात राहतात, आणि बंदरं, गाळ उपसणं, शहरांचं सांडपाणी हे सगळं तिथंच येतं. खोल समुद्रात सरकणं त्यांना जमत नाही.

होडी नको असेल तर सकाळी आग्वादच्या किनाऱ्यावरून दुर्बीण लावून बसा. नशीब असेल तर दिसतात, खर्चही नाही.

वाळूवर जिवंत डॉल्फिन आढळला तर ओढून पाण्यात ढकलू नका. जीवरक्षकांना किंवा वनखात्याला कळवा, तोवर ओलं फडकं टाकून सावली करा. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र झाकू नका. मेलेला असला तरी हात न लावता कळवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, त्याचा दातसुद्धा घरी आणता येत नाही.

रविवारी परतताना दुपारी तीनच्या आत गोव्यातलं साखळी गाव सोडा. त्यानंतर घाटात बेळगावच्याच गाड्यांची रांग लागते.