झाकण

मी मॉस्कोत दुभाष्याचं काम करते. बहुतेक काम रटाळ असतं. यंत्रांचे करार, औषधांची कागदपत्रं, प्रदर्शनातल्या स्टॉलवर उभं राहून 'भाव काय' आणि 'माल कधी' हेच दिवसभर इकडून तिकडे करायचं. मराठी माणसांचे सहलीचे गट आले की मात्र मी गाइडचंही काम घेते. पैसे कमी मिळतात, पण दिवसभर मराठी बोलायला मिळतं आणि कुणीतरी हमखास पिशवीतून मेतकूट नाहीतर शेंगदाण्याची चटणी काढून हातात ठेवतं.

ऑक्टोबर 2019 मध्ये असाच बावीस जणांचा गट आला होता. बहुतेक निवृत्त. दोन शिक्षिका, एक बँकवाले, तिघी बहिणी, आणि कराडकडचे एक काका. काकांनी एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेलं, मुलाने हट्टाने सहलीला पाठवलेलं. आमच्या बसच्या रशियन ड्रायव्हरशी त्यांची पहिल्याच दिवशी दोस्ती झाली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी चहाच्या वेळी टायर या विषयावर बरंच बोलून व्हायचं.

त्या दिवशी पाऊस होता, म्हणून क्रेमलिन पुढे ढकलून आम्ही कॉस्मोनॉटिक्स म्युझियमला गेलो. आकाशात झेपावणाऱ्या त्या 107 मीटर उंच टायटॅनियमच्या स्मारकाच्या पोटातच हे म्युझियम आहे. आत शिरल्यावर लगेच अंतराळात जाऊन आलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या पेंढा भरून ठेवलेल्या दिसतात, आणि तिथे प्रत्येक गट पंधरा मिनिटं अडकतो. हे ठाऊक असल्यामुळे मी आजोबांना अकराची वेळ दिली होती.

आजोबा म्हणजे एका तांत्रिक परिसंवादात ओळख झालेले एक निवृत्त इंजिनियर. मी त्यांना रशियन रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव जोडून हाक मारते; गटाने दोन मिनिटांत त्यांचे 'आजोबा' करून टाकले. मी तो शब्द रशियनमध्ये सांगितल्यावर ते खूश झाले. विशीत असताना ते क्रिमियात सिम्फेरोपोलजवळच्या केंद्रावर होते. तिथूनच 1970 ते 1973 या काळात सोव्हिएत संघाने चंद्रावर लुनोखोद नावाच्या दोन गाड्या चालवल्या. आजोबा चालक नव्हते. चालक, कमांडर, दिशा बघणारा, इंजिनियर आणि अँटेना सांभाळणारा अशी पाच जणांची तुकडी असे, अशा दोन तुकड्या दर दोन तासांनी पाळी बदलत. आजोबा त्यांच्या पलीकडच्या खोलीत बसून गाडीकडून येणारे आकडे वाचायचे. वीज किती, तापमान किती. पण त्या काळात यातलं काहीही घरी सांगायची मुभा नव्हती. 'बायकोला वाटायचं मी क्रिमियात समुद्रात डुंबतोय,' ते म्हणाले.

लुनोखोदच्या प्रतिकृतीपाशी पोचल्यावर तिघी बहिणींपैकी मधली म्हणाली, "अगंबाई, हे तर झाकणाचं पातेलं!"

मला हसू आलं, कारण मी लहानपणी नेमकं हेच म्हटलं होतं. आमच्याकडे वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घालत, आणि माझ्या भूगोलाच्या वहीवर हीच गाडी होती. आठ चाकांवर ठेवलेलं पातेलं, पुढे दोन डोळे, वर उघडं झाकण.

ते झाकणच सगळ्यात महत्त्वाचं, आजोबा म्हणाले. झाकणाच्या आतल्या बाजूला सौरपट्ट्या. चंद्रावर सकाळ झाली की झाकण उघडायचं आणि बॅटरी भरायची. झाकणाखाली, पातेल्याच्या माथ्यावर, आतली उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर. आपल्या चौदा दिवसांएवढी लांब रात्र आली की झाकण लावून गाडी झोपवायची. थंडीत यंत्रं मरू नयेत म्हणून मागच्या बाजूला पोलोनियमची शेगडी. किरणोत्सर्गी धातू आपोआप तापतो, त्याची ऊब आत फिरवायची. "काश्मिरी लोक कांगडी घेतात तसं," असं मी माझ्या पदरचं घातलं. दुभाष्याने असं करू नये, पण करतो.

काका इतका वेळ गाडीभोवती फिरत होते. खाली वाकून बघत होते. मग त्यांनी मागच्या बाजूच्या बारक्या चाकाकडे बोट दाखवलं. "ताई, विचारा त्यांना, ही स्टेपनी का?"

मी विचारलं. आजोबांचा चेहरा एकदम उजळला. हा प्रश्न, म्हणाले, कुणी विचारतच नाही. ते नववं चाक. त्याला मोटर नाही, ते नुसतं जमिनीवर घरंगळत येतं. बाकीच्या आठ चाकांना प्रत्येकी वेगळी मोटर, पण चंद्राच्या भुसभुशीत मातीत ती जागच्या जागी फिरली तर…

माझं भाषांतर पुरं व्हायच्या आधीच काका म्हणाले, "तर काटा किलोमीटर दाखवणार आणि गाडी तिथंच. पावसाळ्यात चिखलात होतं की. हे बारकं चाक खरं किती गेलो ते सांगतं."

आजोबांना मी हे रशियनमध्ये सांगितलं. त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि तो पुढचा पाऊण तास सोडला नाही.

त्यानंतर माझ्या हातात काही राहिलं नाही. मी फक्त दोन ड्रायव्हरांच्या मधली नळी झाले. (आजोबा ड्रायव्हर नव्हते हे काकांनी कधीच मान्य केलं नाही.) स्टिअरिंग कुठंय? नाही, डाव्या आणि उजव्या बाजूची चाकं कमीजास्त फिरवून वळवायची, रणगाड्यासारखी. खरं तर गाडीचा खालचा सांगाडा लेनिनग्राडच्या रणगाडे बनवणाऱ्या संस्थेतच अलेक्झांडर केमुर्जियान यांच्या हाताखाली तयार झाला होता. रिव्हर्स? आहे. गिअर? पुढे जायला दोन. ताशी किती? एक किलोमीटर आणि दोन किलोमीटर. इथे काका दिलखुलास हसले. "खंबाटकीत उसाची ट्रॉलीपण याच्यापुढे जाईल." चाक अडकलं तर? बारूदाचा छोटा बार उडवून त्याचा दांडा तोडायचा, मग ते मोकळं फिरतं. यावर काका गंभीर झाले. एसटीच्या वर्कशॉपला हे सांगायला हवं, असं काहीसं पुटपुटले.

पण खरी गोष्ट चालकाच्या खुर्चीची होती. चालकासमोर दिसायचं ते सिनेमासारखं चालतं चित्र नव्हे. एकेक स्थिर फोटो यायचा, एक आल्यावर दुसरा यायला काही सेकंद, कधी वीस सेकंदसुद्धा. तो चंद्रावरून पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद, तुमचा ब्रेक तिकडे पोचायला आणखी सव्वा सेकंद. म्हणजे पडद्यावर खड्डा दिसतो तेव्हा तुम्ही त्याच्या आणखी जवळ गेलेले असता, आणि ब्रेक लागेपर्यंत आणखी.

"म्हणजे समोर दिसतंय ते जुनं," काका म्हणाले.

"नेहमी जुनं," आजोबा म्हणाले.

मला हे सांगताना थोडं विचित्र वाटलं. माझा धंदा तोच आहे. बोलणारा पुढे निघून गेलेला असतो, मी मागून त्याचं जुनं वाक्य उचलत असते आणि समोरच्याला वाटतं की तो आत्ता बोलतोय.

बाई मंडळींना कंटाळा येतोय असं वाटून आजोबांनी एक गंमत सांगितली. 8 मार्च 1971 ला, महिला दिनाला, चालकांनी पहिल्या लुनोखोदच्या चाकांनी चंद्राच्या मातीत मोठा 8 काढला. तिघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या. मोठीने विचारलं, तो अजून असेल का? वारा नाही, पाऊस नाही, कुठे जाणार, असं आजोबा म्हणाले. ती गाडी दहा किलोमीटरच्या थोडी वर चालली आणि सप्टेंबर 1971 मध्ये गप्प झाली. तिच्यावर फ्रान्सने दिलेला लेसर परतवणारा आरसा होता, पण ती नेमकी कुठे उभी आहे ते जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला धड सापडत नव्हतं. 2010 मध्ये अमेरिकन यानाच्या फोटोंवरून जागा कळली आणि न्यू मेक्सिकोतल्या दुर्बिणीतून सोडलेला लेसर तिच्यावर आपटून परत आला. "माझी बायको तेव्हा होती," आजोबा म्हणाले. "तिला मी म्हणालो, बघ, तिनं उत्तर दिलं."

मग त्या दोन शिक्षिकांपैकी एक, जरा अडखळत, म्हणाल्या, "आमचं विक्रम मागच्याच महिन्यात पडलं हो." चंद्रावर विक्रम लँडर उतरणार म्हणून 7 सप्टेंबरची पहाट गटातल्या सगळ्यांनी टीव्हीसमोर जागून काढली होती. कुणी काही बोललं नाही.

आजोबांना ते माहीत होतं. आणखीही काही माहीत होतं. 2007 च्या करारात चांद्रयान-2 चा लँडर रशियाने द्यायचा ठरला होता. पुढे 2011 मध्ये रशियाचं मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं यान पृथ्वीजवळच अडकलं, सगळंच मागे पडलं, आणि भारताने लँडर स्वतः बनवला. "म्हणजे ते थोडं आमच्याही नावावर," ते म्हणाले. मग सांगितलं की जगाला जो पहिला लुनोखोद म्हणून माहीत आहे, तो पहिला नव्हताच. पहिला 19 फेब्रुवारी 1969 ला निघाला आणि मिनिटभरात रॉकेटसकट फुटला. "तुमचं सगळ्या जगाने जागून पाहिलं. आमचं कुणाला कळलंसुद्धा नाही. त्याचं रडायलाही परवानगी नव्हती."

आणि न विचारता ते दुसऱ्या गाडीवर आले.

ती जानेवारी 1973 मध्ये उतरली. 840 किलोची, आधीपेक्षा दणकट, तिसरा कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दिशा सांगणारं यंत्र मात्र सुरुवातीपासूनच बिघडलेलं, त्यामुळे बरंचसं अंदाजाने. तरी पोरांचा हात बसला होता. चार महिन्यांत एकोणचाळीस किलोमीटर. पृथ्वीबाहेर एवढी दुसरी कुठलीच गाडी चालली नव्हती. हा विक्रम नासाच्या मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटीने 2014 मध्ये मोडला.

मग 9 मे. दुसऱ्या महायुद्धातला विजय दिन, सगळ्या देशाला सुट्टी. गाडी एका खड्ड्यात उतरली, आणि त्या खड्ड्याच्या आत आणखी एक खड्डा होता. तो चित्रात दिसला नाही. गाडी कलली. मागे उघडं असलेलं झाकण खड्ड्याच्या भिंतीला घासलं.

आजोबांनी काकांचा हात सोडला. उजव्या तळहाताचं झाकण केलं, डाव्या हाताच्या मुठीवर उभं धरलं आणि मागे, हवेतल्या भिंतीला, हळूच घासलं. "माझ्या कागदावर वीज खाली आली," ते म्हणाले. "पट्ट्यांवर माती पडली होती." मग त्यांनी तळहात मुठीवर मिटवला. झाकण लावलं तेव्हा ती सगळी माती खाली रेडिएटरवर पडली. चंद्राची धूळ म्हणजे गोधडी, उष्णता बाहेर जाऊच देत नाही. पुढच्या वेळी झाकण उघडलं आणि तापमान चढत गेलं. आजोबा आकडे वाचत होते आणि वाचण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. 11 मे ला गाडी बोलायची थांबली.

मिटलेल्या मुठीकडे बघत ते हसले आणि म्हणाले, "वोत तूत नाम ई क्रिश्का."

क्रिश्का म्हणजे झाकण. मी पाऊण तास तो शब्द वीस वेळा झाकण म्हणूनच सांगत होते. मागे पडले होते, घसा सुकला होता. मी म्हणाले, "आणि इथे आमचं हे झाकण."

गटाने मान डोलावली. आजोबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते कशाची तरी वाट बघत होते. ते आलं नाही, म्हणून त्यांनी विषय बदलला आणि चंद्रावर उभी असलेली ती गाडी 1993 मध्ये न्यूयॉर्कला लिलावात 68,500 डॉलरला विकली गेल्याचं सांगितलं. काकांनी ताबडतोब विचारलं, "गाडी तिकडं, मग आरसी बुक कुणाच्या नावावर?" सगळे हसले, वेळ निभावली.

मला ते रात्री हॉटेलच्या लिफ्टमध्ये कळलं. रशियनमध्ये एखाद्याला क्रिश्का झाली म्हणजे तो संपला. त्याच्यावर झाकण पडलं. सेहेचाळीस वर्षांत त्या माणसाने त्या दोन दिवसांवर एकच विनोद केला होता, त्या गाडीसाठी घडवल्यासारखा नेमका, आणि मी त्याचं स्वयंपाकघरातलं भांडं करून ठेवलं. वीस वर्षं ही भाषा शिकून-बोलून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माइक हातात घेऊन मी चूक कबूल केली. दोन्ही अर्थ समजावले. शिक्षिका म्हणाल्या, "अगं बाई गं." मागून कुणीतरी हळू आवाजात परत एकदा, "क्रिश्का." मी विचारलं, याला मराठीत काय म्हणाल? 'खेळ खलास' आलं, 'गाशा गुंडाळला' आलं. बँकवाल्यांनी 'अवतारसमाप्ती' सुचवलं.

काका खिडकीबाहेर बघत होते. "घाटात गाडी बंद पडली, वाहक खाली उतरला, बॉनेट उघडलं, वाकून आत बघितलं, की बॉनेट लावता लावता एकच म्हणायचा," ते म्हणाले. "आटोपलं."

मी आजोबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. चूक माझी होती, ते वाक्य सगळ्यांना आत्ता कळलं, असं सांगितलं. पलीकडे आधी शांतता, मग ते जोरात हसले, खोकला येईपर्यंत. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाशी धरून सावकाश म्हणाले, "आजोबा, आ-टो-प-लं."

"अतोप्ला," पलीकडून आवाज आला. रशियनमध्ये ट नाही. काकांनी जीभ टाळूला लावून परत करून दाखवलं, जणू ते त्यांना दिसणार होतं.